पडीक जागेत कोणी पडलं तर? मोकळ्या जमिनीच्या मालकाची जबाबदारी आणि विमा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे काय आहे ना' थोडे कमी केलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका श्रोत्यांच्या प्रश्नावरून घेतलाय. राहतात पुण्यात, वडिलोपार्जित अडीच एकर भोर तालुक्यात. सातबाऱ्यावर चार नावं: हे, यांचा भाऊ, दोन बहिणी. एक बहीण अमेरिकेत. दहा-बारा वर्षं जमीन कोणी कसत नाही. जमिनीत आजोबांच्या काळातली विहीर, कठडा ढासळलेला, आणि एप्रिल-मे महिन्यात वाडीतली पोरं तिथे पोहायला येतात. गेल्या उन्हाळ्यात सरपंचांचा फोन आला, 'दादा, तुमच्या विहिरीचं काहीतरी बघा, एखादं पोर जायचं.' तर यांचा प्रश्न असा, की उद्या खरंच काही झालं तर अडकणार कोण? आणि याचा विमा मिळतो का?

प्रश्न अगदी नेमका आहे. मी वीस वर्षं विम्याच्या धंद्यात आहे. गाडीचा, दुकानाचा, आजारपणाचा विमा विचारणारे रोज भेटतात. गावाकडच्या पडीक जागेबद्दल विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जागा रिकामी आहे, तिथे जळायला, चोरीला जायला काही नाही, मग विमा कशाचा काढायचा, असा सरळ हिशोब असतो. तुमच्या वस्तूचं नुकसान होणं ही एक गोष्ट, आणि तुमच्या जागेमुळे दुसऱ्याचं नुकसान होणं ही वेगळी. आज आपण दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय. तिला दायित्व विमा म्हणतात.

आधी जबाबदारीचं बघू. 'तो माझ्या जागेत आलाच कशाला? मी बोलावलं होतं का?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! ते थोडंफार खरं आहे, पण ज्यांना वाटतं तितकं नाही.

यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1963 सालचा एक निकाल आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. शेजारच्या घरातल्या लोकांच्या संडासाची भिंत पडली, म्हणून ते या गृहस्थाचा संडास वापरायला लागले. याने विरोध केला, आणि मग वाटेत उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली. शेजारची बाई गेली, तारेला हात लागला, मृत्यू. बचाव काय, तर ती माझ्या जागेत विनापरवाना आली होती. न्यायालयाने सांगितलं, विनापरवाना येणारा माणूस आपल्या जोखमीवर येतो हे खरं, पण म्हणून त्याच्यासाठी सापळा लावायचा हक्क मालकाला मिळत नाही. शिक्षा कायम झाली.

आता तुम्ही म्हणाल, वीज सोडणं वेगळं आणि विहीर नुसती असणं वेगळं. बरोबर आहे. विहीर हा काही सापळा नव्हे. आगंतुक मोठ्या माणसाबद्दल मालकाचं कर्तव्य कायद्याने बरंच कमी धरलंय. पण लहान मुलांचं तसं नाही. इंग्लंडमध्ये 1972 साली हेरिंग्टन खटल्याचा निकाल लागला. सहा वर्षांचा मुलगा, रेल्वेचं मोडकं कुंपण, पलीकडे विजेचा रूळ. लोक त्या फटीतून जातात हे रेल्वेच्या माणसांना माहीत होतं. तिथल्या सर्वोच्च पीठाने रेल्वेला जबाबदार धरलं, कारण साध्या माणुसकीच्या नात्याने ती फट बुजवायला हवी होती. इंग्लंडचे निकाल आपल्याला बांधील नाहीत, पण आपल्याकडे या विषयावर स्वतंत्र कायदाच नसल्याने न्यायालयं मार्गदर्शनासाठी तिकडे बघतात.

या दोन्ही प्रकरणांतला कळीचा शब्द आहे 'माहीत होतं'. आपल्या श्रोत्यांना सरपंचांचा फोन आला ना, त्या क्षणी त्यांची परिस्थिती बदलली. 'आम्हाला कल्पनाच नव्हती' हे आता म्हणता येणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, विम्याच्या अर्जात तो परत येणार आहे.

आणखी एक. तुमच्या जागेतून जाणारा प्रत्येक माणूस आगंतुक असतोच असं नाही. गावाकडे पाणंद असते, शिवरस्ता असतो, वर्षानुवर्षांची वहिवाटीची पायवाट असते. कोणाला शेजारच्या विहिरीवर पाणी भरायचा हक्क असतो, आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सापडते. हे लोक हक्काने येतात. त्यांच्या वाटेवर तुम्ही खड्डा खणून ठेवला, तर 'बोलावलं नव्हतं' हा बचाव उभाच राहत नाही. म्हणून विम्याच्या आधी सातबारा नीट वाचा. मी तर म्हणतो, एकदा पायी हिंडून या. कागदावर नसलेल्या वाटा पायांना दिसतात.

जबाबदारीच्या दोन बाजू असतात, त्यांची गल्लत करू नका. एक फौजदारी. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम 304 अ लागायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, आणि तिथे कमाल शिक्षा पाच वर्षं झालीय. ही शिक्षा, हा दंड, याचा विमा कुठलीही कंपनी देत नाही आणि देऊही नये. दुसरी बाजू दिवाणी, म्हणजे नुकसानभरपाईची. मृत व्यक्तीचे पती किंवा पत्नी, आईवडील, मुलं यांना 1855 च्या जीवघातक अपघात कायद्याखाली दावा लावता येतो. हो, 1855. राणीचं राज्य यायच्या आधीचा कायदा अजून चालतोय! मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. विमा चालतो तो या दुसऱ्या बाजूला.

आता विमा. आधी कशाला विमा समजू नये ते सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा. नाव ऐकून वाटतं हाच तो. नाही. तो भोपाळनंतर आला, आणि घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या विहिरीशी त्याचा काही संबंध नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. चांगली योजना आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. पण ते खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला काही झालं तर. तुमच्या विहिरीत दुसऱ्याचं मूल पडलं, तर त्या भरपाईची तुमची जबाबदारी ही योजना उचलत नाही. पीकविमा तर पिकाचाच. आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या पॉलिसीत सार्वजनिक दायित्वाचा भाग असला, तरी तो पॉलिसीवर छापलेल्या पत्त्यापुरता असतो. भोरची विहीर त्यात येत नाही.

मग मागायचं काय? 'सार्वजनिक दायित्व पॉलिसी, बिगर-औद्योगिक जोखीम.' शाळा, हॉटेलं, क्लब, कार्यालयं हीच पॉलिसी घेतात. पडीक शेतजमिनीसाठी तयार छापील उत्पादन शेल्फवर मिळत नाही. प्रपोजल फॉर्म भरून द्यावा लागतो, कंपनीचा अंडररायटर तो बघतो, फोटो मागतो, कधी माणूस पाठवतो, आणि मग ठरवतो. एजंट याला फार उत्साही नसतात, हेही सांगून टाकतो. प्रीमियम लहान, त्यामुळे कमिशन लहान, आणि विचारपूस मात्र भरपूर. 'साहेब, असं काही मिळत नाही' हे उत्तर पहिल्या फेरीत येईल. तिथे थांबू नका. कंपनीच्या विभागीय कार्यालयात लायबिलिटी बघणारा अधिकारी गाठा, किंवा ब्रोकरकडे जा.

ही पॉलिसी देते काय? तुमच्या जागेत अपघात होऊन त्रयस्थ माणसाला इजा झाली, मृत्यू झाला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, आणि कायद्याने तुम्ही ते देणं लागत असाल, तर ती रक्कम. अधिक दावा लढवायचा खर्च, मात्र कंपनीची आधी संमती घेऊन. हा दुसरा भाग लोक विसरतात. तालुक्याच्या कोर्टात पाच-सात वर्षं दावा चालला, तर वकिलाची फी हीच एक शिक्षा असते.

'कायद्याने देणं लागत असाल' हे शब्द महत्त्वाचे. तुमचा दोष नसेल, तर कंपनी पैसे देणार नाही, तुमच्या बाजूने लढेल. गावात बसून, चार प्रतिष्ठितांना बोलावून 'जाऊ दे, दोन लाख देतो, मिटवा' असं तुम्ही परस्पर कबूल केलंत, तर कंपनी हात वर करेल. माणूस म्हणून तुम्हाला त्या घरी मदत करावीशी वाटणं साहजिक आहे. जरूर करा, पण जबाबदारी मान्य करणारा कागद लिहून देऊ नका.

मर्यादा दोन आकड्यांत लिहिलेली असते: एका अपघाताला किती, आणि वर्षभरात मिळून किती. दोन्ही आकडे सारखे ठेवता येतात किंवा वर्षाचा जास्त. दहा लाखांची पॉलिसी घेऊन समाधान मानू नका. कमावता तरुण माणूस गेला तर भरपाई कशी काढतात? मोटार अपघातात काढतात तशी, वार्षिक उत्पन्न गुणिले वयानुसार गुणक. महिना वीस हजार कमावणाऱ्याचा हिशोब तुम्हीच करून बघा. खासगी खर्चाची वजावट करूनही दहा लाखांच्या बराच वर जातो.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट आता सांगतो, जरा लक्ष देऊन ऐका. आपल्याकडची ही पॉलिसी 'दावा ज्या मुदतीत आला' या तत्त्वावर चालते. समजा तुम्ही जूनमध्ये पॉलिसी घेतली, एका वर्षाची. पुढच्या मे महिन्यात अपघात झाला. जूनमध्ये तुम्ही कंटाळून नूतनीकरण केलं नाही. ऑगस्टमध्ये वकिलाची नोटीस आली. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती ना? होती. तरी अडचण, कारण दावा आला तेव्हा पॉलिसी नव्हती. म्हणून दोन गोष्टी. खंड पडू देऊ नका. आणि घटना घडली की दावा यायची वाट न बघता लगेच कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीच्या मुदतीत कळवलेल्या घटनेवरून पुढे आलेला दावा कसा धरतात, ते पॉलिसीच्या शब्दांत आधीच वाचून ठेवा. तिथेच 'पूर्वलक्षी तारीख' असा एक रकाना असतो. त्या तारखेआधीच्या अपघाताचा दावा मिळत नाही. कंपनी बदलताना ती तारीख पुढे सरकू देऊ नका.

आता अर्ज. त्यात विचारतात, दावा निर्माण होऊ शकेल अशी कुठली परिस्थिती माहीत आहे का? आपल्या श्रोत्यांना सरपंचांचा फोन आलाय. त्यांनी 'नाही' लिहिलं, आणि पुढे सरपंचांनीच पोलिसांना सांगितलं की मी यांना वर्षभरापूर्वी कळवलं होतं, तर पॉलिसी कागदाचा तुकडा होईल. विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा असतो, माहिती लपवली की तो मोडतो. 'हो, विहीर आहे, कठडा नाही, मुलं येतात' असं लिहा. कंपनी म्हणेल, आधी कठडा बांधा. बांधा की मग! तेच तर करायचंय.

कठडा म्हणजे काय फार मोठं काम नाही. लोखंडी जाळी टाकली, तर पाणी काढायलाही अडत नाही. पण एक सावधगिरी. हे काम करताना गवंडी किंवा मजूर विहिरीत पडला, तर तो त्रयस्थ धरला जात नाही, तुमचा कामगार धरला जातो, आणि सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत कामगार वगळलेले असतात. त्यांच्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी, थोड्या दिवसांचीही मिळते. ठेकेदार असेल, तर त्याच्याकडे आहे का ते विचारा आणि प्रत घ्या. तोंडी 'आहे ना साहेब' चालत नाही.

विहिरीपेक्षा मला जास्त भीती दोन गोष्टींची वाटते. पहिली, बंद पडलेली बोअर. 2006 च्या जुलैत हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडला, जवळजवळ पन्नास तासांनी त्याला जिवंत काढलं, अख्खा देश टीव्हीपुढे बसला होता. सगळी मुलं तेवढी नशीबवान नसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये याबद्दल निर्देश दिले. बोअर घेण्याआधी 15 दिवस लेखी कळवायचं, काम चालू असताना काटेरी कुंपण आणि फलक, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडाला वेल्डिंग केलेलं किंवा नटबोल्टचं झाकण, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे घालून बुजवायची. तोंडावर दगड ठेवला म्हणजे बुजवली असं नाही. आणि पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींमध्ये 'कायदेशीर तरतुदींचं जाणूनबुजून उल्लंघन' असतंच. उघडी बोअर ठेवून विमा काढणं म्हणजे प्रीमियम पाण्यात.

दुसरी, प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं. विहिरीत पायऱ्या असतात, दगडाला धरता येतं. शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की चांगला पोहणाराही उतारावरून वर येऊ शकत नाही. कुंपण हवंच, शिवाय चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

रानडुकरासाठी तारेत थेट लाइन सोडणाऱ्यांबद्दल मी जास्त बोलणार नाही. ग्रेगरीचा निकाल सांगितलाच. विमा शून्य, तुरुंग नक्की. अधिकृत झटका मशीन वेगळं, ते क्षणभर धक्का देतं, जीव घेत नाही. तरी ते लावलं असेल तर अर्जात लिहा.

कोकणातल्या श्रोत्यांसाठी आगीचा मुद्दा. तिकडे जमीन पडीक म्हणजे कमरेएवढं गवत, फेब्रुवारीपासून वाळलेलं. भाजावळीची ठिणगी उडते, तुमचं गवत पेटतं, आणि शेजाऱ्याची हापूसची कलमं, काजूची बाग जाते. तुमच्या जागेतून निघालेल्या गोष्टीने शेजाऱ्याचं नुकसान झालं तर काय, हा प्रश्न 1868 सालच्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यापासून चालत आलाय. तिथे गिरणीवाल्याने बांधलेल्या तळ्याचं पाणी जुन्या भुयारांतून शेजारच्या कोळशाच्या खाणीत घुसलं होतं, आणि निष्काळजीपणा सिद्ध न होताही तो जबाबदार ठरला. आग कोणी लावली आणि गवताचं काय केलं होतं, यावर तुमचं ठरेल. दिवाळीनंतर हद्दीने दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करून घ्या, तारखेसह फोटो ठेवा. कलमांचं मोल मोठं असतं, म्हणून पॉलिसी घेताना मालमत्तेच्या नुकसानीचा भाग आणि आगीचा उल्लेख नीट तपासा.

देशावर आगीऐवजी मुरूम. मालक पुण्या-मुंबईत, रात्री जेसीबी येतो, सकाळी खड्डा. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. खड्डा तुम्ही खणला नाही, पण ताबा तुमचा. शिवाय बेकायदा उत्खननाच्या दंडाची नोटीस महसूल खात्याकडून तुमच्याच नावाने येऊ शकते. दिसल्याबरोबर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी, आणि पोलीस ठाणे, दोघांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

आता चार नावांचं. पॉलिसी एकाच भावाच्या नावाने काढली आणि दावा चौघांवर लागला, तर तिघं उघडे. सातबाऱ्यावरची सगळी नावं पॉलिसीत विमाधारक म्हणून घाला. जमीन कोणाला वाट्याने किंवा खंडाने दिली असेल, तर तेही कळवा, कारण जबाबदारी मुख्यतः ज्याचा ताबा त्याच्याकडे जाते. आणि पैसे? प्रीमियम आणि कठड्याचा खर्च हिश्शाप्रमाणे. 'मी तर कधी जातच नाही तिकडे' असं एक भावंड म्हणतंच. त्यांना हा भाग ऐकवा.

अमेरिकेतल्या बहिणीबद्दल शेवटचं. त्यांनी भावाला सांगितलं म्हणे, 'माझ्या इथल्या होम इन्शुरन्समध्ये रिकामी जमीन कव्हर असते.' त्यांचं ऐकणं चुकीचं नाही. अमेरिकेतल्या प्रचलित घर-विमा पॉलिसीत विमाधारकाच्या मालकीची रिकामी जमीन दायित्वाच्या भागात येते. पण तिथेच पुढे दोन शब्द आहेत, 'शेतजमीन सोडून'. भोरचा सातबारा शेतीचा आहे. अनिवासी भारतीयांना इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळते, आणि तशीच ती यांच्या नावावर लागलीय. तेव्हा तिकडच्या पॉलिसीवर भिस्त नको. त्यांनी आपल्या कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं, आणि इथल्या पॉलिसीत चौथं नाव म्हणून यावं. टेक्सासमध्ये किंवा जॉर्जियात प्लॉट घेऊन ठेवलेले आपले बरेच श्रोते आहेत. त्यांच्यासाठी मात्र ही तरतूद कामाची आहे, आणि तिकडे रिकाम्या जमिनीची वेगळी दायित्व पॉलिसीही सहज मिळते.

श्रोत्यांना माझा क्रम असा: या महिन्यात विहिरीवर जाळी, सरपंचांना काम झाल्याचं पत्र आणि पोच, मग फोटोंसह प्रपोजल. उन्हाळा सुरू व्हायच्या आत पॉलिसी हातात हवी. अंडररायटरने काय अटी घातल्या ते मला कळवा, पुढच्या प्रश्नोत्तरांच्या भागात वाचून दाखवीन.